रेघ कुठून सुरू झाली

सई, निहार, हे तुमच्या आजोबांना कधी कळलं नाही. तुमच्या आईलाही नाही. फोनवर सांगायला गेले तर मी मध्येच हवापाण्यावर येईन, म्हणून लिहिते आहे.

मागे सईनं विचारलं होतं, आजी, लग्नाच्या फोटोतली पोवळ्याची अंगठी तू घालत का नाहीस? मी म्हटलं, बोटं सुजतात गं. बोटं सुजतात हे खरंच आहे. पण अंगठी मी काढली तेव्हा बोटं चांगली धडधाकट होती.

तुम्ही मला हसता — आजी दुधाची पिशवी उजेडात धरून बघते, कामाला येणाऱ्या सुमननं पुसलेल्या कपाटावर बोट फिरवते. हसा. एके काळी मला याच कामाचा पगार मिळत होता.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत बनियनचं कापड विणणारा एक कारखाना होता. तिथे मी तपासणी विभाग सांभाळत असे. यंत्रं गोल, शेकडो सुया वर्तुळात उभ्या, आणि कापड नळीसारखं खाली उतरायचं. मागावरच्यासारखे उभे-आडवे धागे त्यात नसतात. टाक्यात टाका अडकवलेला असतो, हातानं विणलेल्या स्वेटरसारखा. म्हणून ते अंगाबरोबर ताणतं. आणि म्हणूनच एक टाका तुटला की त्याच्याखालचे सुटत जातात, कापडावर उभी रेघ पडते. आम्ही काचेच्या टेबलाखाली दिवा लावून, हातानं कापड ओढत त्या रेघा शोधायचो.

चार नंबरच्या मशीनवर शेलार होते. खडवलीहून यायचे. सुई तुटली की कापडाकडे न बघता, नुसत्या आवाजावरून मशीन थांबवायचे. मला ते कधी पटलं नाही — असं कानानं कुणाला कळतं का? मी मुद्दाम जाऊन त्यांच्यामागे उभी राहायची. एकदा सगळ्यांदेखत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जवळ आलात की मशीनलाच घाम फुटतो." सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य घरी घेऊन आले.

त्या दिवसापासून चार नंबरचे रोल मी दुसऱ्या कुणाला तपासू दिले नाहीत. स्वतः बसायची. आणि रेघा सापडू लागल्या. एका आठवड्यात तीन. इतर मशीनच्या कापडात एकही नाही, मग यांच्याच का? सांगा, तुम्हाला संशय आला नसता? मला तर खात्रीच झाली. शेलार मुद्दाम करतात, मला डिवचायला. मी मालकांना अहवाल दिला, इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलेल्याला तिथे कुणी उलटून विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुताना अंगठीत काहीतरी पांढरं दिसलं. पोवळं धरणारा एक दाता वर आला होता, आणि त्यात धागा होता. बोटभर, सुती.

आमच्याकडे नियम होता, टेबलावर बसताना अंगठ्या-बांगड्या काढायच्या. सवाष्णीचा हात मोकळा कसा ठेवायचा, म्हणून मुली बांगड्यांवर चिंधी गुंडाळून बसत. ती सूचना सुवाच्य अक्षरात मीच लिहून भिंतीला लावली होती. स्वतः मात्र —

कारखान्यात पोचल्या पोचल्या मी तिसरी रेघ सापडलेला रोल उलगडला. सुई तुटली तर मशीन थांबवेपर्यंत रेघ पडतच राहते. ही तशी नव्हती. वरती एक बारीक भोक, आणि तिथून खाली वीतभर सुटलेले टाके. विणून झाल्यावर पडलेलं भोक. मी अजून टेबलापाशीच होते, तेवढ्यात शेलार आले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, रेघ कुठून सुरू झाली, ते बघितलंत ना?"

मी म्हटलं, "बघितलं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि गेले. त्यांना वाटलं, बघितलं म्हणजे आता मी मालकांना सांगेन.

मी सांगितलं नाही. त्याच दुपारी मालकांनी त्यांना पॅकिंगला धाडलं. तिथे मशीनचा आवाज पोचत नसे. येता-जाता पोरं म्हणायची, शेलारमामा, कानातला मळ काढा. पहिले काही दिवस ते हसले. मग हसेनासे झाले. मग यायचेच बंद झाले.

आणि मी अंगठी काढून ठेवली होती, त्यामुळे चार नंबरवर पुन्हा रेघ आली नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंची नजर बघा, माणूस बदलला आणि दोष गेला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी घेतल्या.

खडवली इथून किती लांब? कल्याणच्या पुढची काही स्टेशनं. मी कधी गेले नाही.

हे पत्रही मी समास सोडून, खाडाखोड न करता लिहिते आहे. आजी किती प्रामाणिक, असं तुम्ही म्हणावं म्हणून तर नाही ना? माझी मला खात्री नाही.

शेलारांनी विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर लिहिते. रेघ भोकापासून सुरू झाली होती. भोक माझ्या अंगठीनं पडलं होतं. मी बघितलं होतं.