घागर कुणाच्या नावाची

माझी जुनी फुप्फुसं अशी वाळली होती, की मी खोकलो की म्हसावदची कुत्री भुंकायची. आणि म्हसावद आमच्यापासून चार गावं पलीकडे. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा. सारी उमर मिरची वाळवायच्या पथारीवर ठसका खात गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आत नुसती वाळक्या दोडक्याची जाळी उरलीय.

मग मोठ्या शहरात एका मेलेल्या माणसाची फुप्फुसं माझ्या छातीत बसवली. कुणाची, ते सांगत नाहीत. नियम आहे. नियमाने माझं तोंड बंद होत असतं तर बायको सुखी झाली असती. गावात आल्यावर एकाला मी सांगितलं, पोहणाऱ्याची आहेत; तो प्रकाशा गावाला तापीत बुडी मारायचा आणि गुजरातेत डोकं वर काढायचा. दुसऱ्याला सांगितलं, बँडवाल्याची आहेत. वरात दिसली की माझे गाल आपोआप फुगतात. लोक हसायचे, मीही हसायचो. एकटा असलो की मात्र श्वास घेताना वाटायचं, आत बसून कुणीतरी ऐकतंय.

दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर एक मास्तर होते. त्यांनाही तेव्हाच फुप्फुसं मिळाली. शिस्तीचा माणूस, गोळी घड्याळाच्या ठोक्याला, पाणी उकळून, जेवताना सोडून तोंडावर सदा मास्क. दुसऱ्या वर्षी त्यांच्या शरीराने ती फुप्फुसं नाकारली. गेले.

रोज सकाळी मी एका यंत्रात फुंकतो. या चैत्रात माझा श्वासाचा आकडा उतरायला लागला. शहरातल्या दवाखान्यात नळी घालून फुप्फुसाचा तुकडा काढला, तपासला. "शरीराने नाकारायला सुरुवात केलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं काय चुकलं?"

"काहीच नाही. मास्तरांचंही चुकलं नव्हतं."

त्यांनी समजावून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो. गावात नवखा माणूस शिरला की पारावरची मंडळी विचारतात, कोना शे तू, कुणाचा तू? शरीरातही असे पारावरचे बसलेले असतात. गोळ्या त्यांना पेंगवून ठेवतात. पण एखाद्याचे जागे होतात. कधी तापाने, कधी पोटातलं आंबट वर चढल्याने, कधी कशानेच नाही. "कुणाचे जागे होतात आणि का, तेच आम्ही शोधतोय," बाई म्हणाल्या. मला जालीम सलाइन लावलं आणि घरी पाठवलं. आकडा आणखी उतरला तर वाट मास्तरांचीच.

घरी आलो तो अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आलेली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि निखाऱ्यावर घास टाकतात. धूर मला चालत नाही, म्हणून मी मास्क लावून ओट्यावर बसलो होतो. बायकोने एक घागर जास्तीची आणली होती, त्या अनोळखी माणसासाठी. मोठ्या भावाने ती बाजूला सारली.

"घागर मरेल मानूसनी भरतस. हाऊ ते याना छातीमा दम ली ऱ्हायना. घागर दाखाडी ते त्याले समजी जाई, आपन मरी गयात. मंग तो आठे थांबी का?"

"पानी नही दिधं ते रुसी जाई, दादा," बायको म्हणाली. "पाव्हना शे."

"पाव्हनाले ताटवर बसाडतस, घागरवर नही."

भावाचं म्हणणं, घागर मेलेल्याची; ती दाखवली तर आपण मेलोय हे त्याला कळेल आणि तो निघून जाईल. दोघं माझ्या छातीकडे बघत भांडत होती, जणू तिथे दार आहे आणि दारात कुणी चपला घालून उभा आहे. मला तोपर्यंत दहा गोष्टी सुचायला हव्या होत्या. एकही सुचली नाही.

"तो नही जाई ऱ्हायना, दादा," मी म्हणालो. "मीच त्याले हाकली ऱ्हायनू. डॉक्टरीणबाई तेच सांगे."

भावाच्या हातात भरलेला तांब्या होता. "मंग घागर कोना नावनी भरू? तुन्हा?" तो बोलून गेला. सवयीचा टोमणा होता. बोलल्यावर त्याचं तोंड उतरलं आणि तांब्या तसाच हातात राहिला. बायकोने जास्तीची घागर उचलली आणि पालथी घालून ठेवली. वाडवडिलांची नावं घेऊन झाली, घास टाकून झाले. धूर ओट्याकडे वळला तसा भाऊ उठला आणि माझ्यासमोर आडवा बसला, पाठीने धूर अडवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुंकलं. दोघं दाराशी येऊन उभी राहिली. आकडा कालचाच होता.