टकरबाई जाळीला टेकतात

वेल्डा प्रुइटच्या देखत झाडू खांद्यावर टाकून चालायची कुणाची टाप नाही. झाडू असो, फावडं असो, दांडा कायम जमिनीकडे. परवा एक नवी बाई कामावर आली आणि झाडू खांद्यावर टाकून ऐटीत निघाली. लांबूनच वेल्डा कडाडली, "खाली! खाली घे आधी तो!"

"का हो? काय झालं?"

"टकरबाईंना चालत नाही."

"टकरबाई कोण?"

वेल्डाने हनुवटीनेच समोरचा मोठा पिंजरा दाखवला. आत ओकची वाळकी पानं, दगडी कुंड, वर आडवी फळी.

"तिथे तर कुणीच नाही!"

"म्हणून काय झालं?" वेल्डा म्हणाली आणि मांसाची बादली उचलून चालू लागली.

टकरबाई म्हणजे प्यूमा, अमेरिकेतला डोंगरी सिंह. मादी, मातकट सोनेरी रंगाची, शेपटी अंगाइतकीच लांब. ओझार्कच्या डोंगरात आजही कुणी ना कुणी शपथेवर सांगतो की माझ्या कुरणात प्यूमा दिसला, आणि कुणी विश्वास ठेवत नाही. ही मात्र सापडली एका माणसाच्या तळघरात. तो तिला साखळीने बांधायचा आणि मित्रांना बोलावून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लावायचा. सोडवायला गेलेल्यांनी बंदूक खांद्याला लावून गुंगीचा बाण मारला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. तेव्हापासून खांद्यावर काहीही लांबडं दिसलं की ती फळीवर चढायची आणि अशी किंकाळी फोडायची, की पलीकडच्या पिंजऱ्यातले वाघही जेवण सोडून मान वर करायचे.

सोडवलेल्या प्राण्यांच्या या अभयारण्यात वेल्डा त्याच्या वर्षभर आधी आली होती. नवरा गेला होता. बावीस वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात उभं राहून तंगड्यांमधली हाडं काढून तिची बोटं वाकडी झाली होती. अभयारण्याचा मालक रॉयस, पांढऱ्या दाढीचा, सदा कुरकुरणारा. त्याने विचारलं, "तुला प्राण्यांचं काय येतं?"

"कोंबडीचं हाड मी डोळे मिटून काढते."

"माझ्याकडच्यांना हाडासकट लागते."

"मग निम्मं काम वाचलंच की!"

प्यूमा आणली त्या दिवशी तिने जाळीआडून वेल्डाकडे पाहिलं. गुरगुरणं नाही, फिस्कारणं नाही, नुसतं पाहणं. वेल्डाने नकळत स्वेटरची बटणं लावली. "अगोबाई! या तर आमच्या तिसरीच्या टकरबाई. अश्शाच बघायच्या, आपली चूक आपल्याला सापडेपर्यंत." नाव तिथेच चिकटलं. आणि त्याच दिवशी वेल्डाने फर्मान काढलं. "हिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

"मी इथला मालक आहे," रॉयस म्हणाला.

"तू तर मुळीच नाही."

पण आजारपणात सुई तर टोचावी लागणार, आणि बाण पुन्हा नको. म्हणून वेल्डाने तिला टेकायला शिकवलं. जाळीबाहेर उभं राहून एकदाच म्हणायचं, "टेका, बाई." टकरबाईंनी यायचं, मांडीचा वरचा भाग जाळीला दाबून उभं राहायचं, तोंडासमोर चिमट्यात मांसाचा तुकडा. आधी नुसती काडी लावायची, मग बोथट सुई, मग खरी. चौदा महिने लागले. नियम एकच होता. दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. आल्या तर आल्या, नाही आल्या तर आज त्यांची मर्जी नाही, बादली उचलायची आणि निघायचं. वेल्डाने हा नियम अठरा वर्षं पाळला. रॉयस चिडवायचा, "माझं एवढं ऐकलं असतंस तर!"

"तुला शेपटी आहे का?"

मग ऑक्टोबरातला तो आठवडा आला. मूत्रपिंडं केव्हाच थकली होती, आता मागचे पायही ओढले जाऊ लागले. तीन दिवस टकरबाईंनी मांसाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर हॉलिस नवीनच होती, तरुण, हळव्या आवाजाची. म्हणाली, "मिस वेल्डा, आता थांबवणं बरं. आधी गुंगीची सुई, ती भिनली की मी आत जाईन. त्यांना काही कळणार नाही."

"सुई मी देणार. जाळीतून."

"नाही आल्या तर?"

वेल्डाने पिंजऱ्याकडे पाहिलं. नाही आल्या तर बाण. ज्या बाणाने त्या जगात बाहेर आल्या त्याच बाणाने जायचं. आणि आल्या तर? अठरा वर्षं ज्या शब्दाला त्या येत होत्या, त्याच शब्दाने त्यांना असल्या सुईपाशी बोलवायचं. रात्रभर वेल्डाने हेच चघळलं, पण दुसरी वाट काही सापडली नाही.

सकाळी दहाला डॉक्टर आली. आणि लागेल तर असावी म्हणून आणलेली बंदुकीची पिशवी तिच्या खांद्यावर लटकत होती! तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

टकरबाईंनी पाहिलं. आणि तीन दिवस न उठलेली ती म्हातारी उठली, पुढच्या पंजांवर सगळं अंग ओढत फळीवर चढली. किंकाळी फुटली नाही. नुसता जबडा उघडला.

"अरे देवा," डॉक्टरने पिशवी पटकन जमिनीवर टाकली. "मिस वेल्डा, मी..."

"असू दे पोरी. तू पाठ कर आणि गप्प राहा."

रॉयस पुटपुटला, "आता नाही येणार. दोनदा बोलाव, वेल्डा. आजच्या दिवस."

"एकदाच."

ती जाळीपाशी गेली. चिमट्यात मांस होतं, पण ते उपयोगाचं नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. तिने ते खाली ठेवलं.

"टेका, बाई."

वारा पडला होता. ओकचं एक पान सुटलं आणि फळीवर येऊन बसलं. टकरबाई वेल्डाकडे पाहत होत्या. ते तिसरीच्या वर्गातलं पाहणं. वेल्डाने नजर हलवली नाही. चूक असेल तर दिसू दे, तिने मनात म्हटलं, मी लपवणार नाही.

पुढचा उजवा पंजा खाली आला. मग डावा. मागचं अंग धपकन पडलं, तिथे त्या थांबल्या, श्वास घेतला. मग पानांवरून एकेक पाऊल, जसा राणीने दरबार ओलांडावा. जाळीपाशी येऊन त्या वळल्या, आणि मांडी जाळीला लावली. नेहमीपेक्षा जोरात. आणि घुरघुरू लागल्या. प्यूमाला वाघासारखी डरकाळी नसते, पण ही घुरघुर जाळीच्या तारांतून वेल्डाच्या दातांपर्यंत पोचली.

वेल्डाने वाकड्या बोटांनी सुई दिली.

गुंगी चढल्यावर डॉक्टर आत जाऊन शेवटची सुई देऊन आली. सगळं शांत झाल्यावर रॉयसने दार पुन्हा उघडलं. इथली रीतच आहे, पुरण्याआधी प्रत्येकाने एकदा हात ठेवायचा. रॉयसने टोपी काढून टकरबाईंच्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टरने खांद्यावर. वेल्डा दारातच.

"तुझंच फर्मान होतं," रॉयस हळूच म्हणाला. "तूच मोड."

ती गुडघे टेकून बसली. डोकं नको, पाठ तर नकोच, तिथे त्या तळघरातले हात फिरले होते. उजव्या मांडीवर एक जागा होती, तळहाताएवढी. अठरा वर्षं टेकून टेकून तिथले केस झिजले होते आणि कातडीवर जाळीचे बारीक चौकोन उठले होते.

वेल्डाने आपला हात तिथे ठेवला. ती जागा अजून ऊन होती.