अजनी, खापरी, गुमगाव

गणपतीत दोन-चार मंडळं, दिवाळीपासून होळीपर्यंत शाळा, आणि उरलेले महिने मी आणि माझी कबुतरं घरी. कबुतरांना धंद्यातली मंदी कळत नसे, ती बाराही महिने सारखीच खात. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत नागपुरात जादूवर पोट भरायचं म्हणजे हेडमास्तरांच्या शिफारसपत्रांची फाइल काखेत मारून शाळाशाळा हिंडायचं. एखादा हेडमास्तर फाइल न उघडताच परीक्षा जवळ आल्याचं सांगायचा. लकडगंजातल्या एका लाकूडव्यापाऱ्याने नातवाच्या वाढदिवसाला बोलावलं, तेव्हा पंगतीत शेजारी बसवून जेवू घातलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बंगल्यात मला मागच्या दाराने यायला सांगितलं. दोन्हीकडे मी खेळ तोच केला.

वडील रेल्वेत खलाशी होते. धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. अशा माणसाचा मुलगा जादूगार झाला, हे त्यांच्या घशाखाली उतरणं कठीणच होतं. बरेच दिवस त्यांनी अबोला धरला. शेवटी म्हणाले, "पोट भर. पण लोकायच्या डोक्यात भुतं नको भरू."

म्हणून प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला मी सांगत असे, की यात मंत्र नाही, तंत्र नाही, ही निव्वळ हाताची सफाई आहे. हे वाक्य धंद्याच्या मुळावर येणारं होतं. बिनमिठाचं वरण पानात वाढल्यासारखे लोकांचे चेहरे व्हायचे.

मौद्याच्या पुढे एका खेड्यात शाळेच्या पटांगणात दुपारचा खेळ होता. सारं गाव लोटलं होतं. तिथल्या हेडमास्तरांनी आधीच बजावलं, की मंत्रबिंत्र म्हणा, नाहीतर लोक अर्ध्यातून उठून जातात. त्या महिन्यातला माझा तो दुसराच खेळ. मी ते वाक्य गिळलं. पण मंत्र आणू कुठून? आमच्या घरात पाठ करून घेतली होती ती फक्त स्टेशनं. लहानपणी वडील मला नागपूर ते वर्धा म्हणायला लावत आणि एक जरी चुकलं तरी पुन्हा नागपूरपासून सुरू करवत. मी लोटा रिकामा करून स्टुलावर ठेवला, डोळे मिटले आणि नाकातून एका दमात सुरू केलं, अजनी-खापरी-गुमगाव-बुटीबोरी-बोरखेडी-सिंदी. वर्धा येईपर्यंत पटांगणात चिटपाखरू हललं नाही. लोटा उचलला, तर पुन्हा पाणी. पुन्हा रिकामा केला, पुन्हा अजनी, पुन्हा पाणी. टाळ्या थांबेनात. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

सामान बांधत असताना एक बाई आली. कडेवर सहा-सात वर्षांची पोरगी. एवढी मोठी पोर कडेवर काहून, असं मनात येतंय तोच तिचे डोळे दिसले. हळदीसारखे पिवळे. बाईचं मागणं सरळ होतं. मी तो मंत्र म्हणावा आणि त्या लोट्यातलं पाणी पोरीच्या अंगावर घालावं. गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे तीन खेपा झाल्या होत्या. त्याने चुन्याच्या पाण्यात पोरीचे हात धुतले, पाणी दरवेळी पिवळं झालं, पण पोरगी काही बरी होईना. आता दोन दिवस तिच्या पोटात पाणीही टिकत नव्हतं.

आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी आपल्या हाताला चोळून ठेवला, की चुन्याचं पाणी पिवळं होतं. ते मला ठाऊक होतं, कारण धंदा एकच. मी तिला सांगितलं, की तो मंत्र नाही, ती रेल्वेची स्टेशनं आहेत, तू आत्ताच्या आत्ता नागपूरला दवाखान्यात जा.

ती हलली नाही. "दादा, काहून खोटं बोलून राहिले?" ती म्हणाली. "सगळ्या गावानं पाह्यलं ना."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी लोटा तिच्या हातात दिला. त्याला दोन भिंती असतात, मधल्या पोकळीत पाणी असतं. वरच्या बारीक भोकावर आंगठा दाबला की ते अडतं, आंगठा उचलला की आतला भाग पुन्हा भरतो. बरेच लोक गोळा झाले होते, तरी मी तिचा आंगठा धरून भोकावर ठेवला. तिने लोटा उपडा केला, सरळ केला, आंगठा उचलला, आत पाहिलं. असं तिने तीनदा केलं. मग लोटा खाली ठेवून कावीळवाल्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि पोरीला उचललं.

दवाखान्यात पोरीला लगेच ठेवून घेतलं आणि महिन्याभराने ती आपल्या पायाने घरी गेली. त्या तालुक्यात माझ्या लोट्याचा खेळ कायमचा बुडाला. वडिलांना मी सगळं सांगितलं, गिळलेल्या वाक्यासकट. जेवताना त्यांनी आपल्या हाताने भाकरी माझ्या ताटात वाढली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पोरगी वाचेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

नागपूरच्या बसमध्ये मी मायलेकींच्या शेजारीच बसलो होतो. पोरगी आईच्या मांडीवर कण्हत होती. पारडीच्या नाक्यावर बस अडकली, आणि बाई म्हणाली, "दादा, ते म्हणा ना. अजनी."

"बाई, ती स्टेशनं आहेत."

"माहीत आहे मले. म्हणा."

मी म्हणायला लागलो. नाकातून नाही, साध्या आवाजात. पोरीने कण्हणं थांबवून माझ्याकडे मान वळवली. वर्धा आलं तरी तिचे पिवळे डोळे माझ्यावरच होते, म्हणून मी वर्ध्याहून परत नागपूरकडे निघालो.