चौदा प्रश्नांचा फॉर्म आणि चौथी सुई

तिसरी शीर फुटली, तेव्हा मुनीरा सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, आता पाय बघावा."

पाय बघावा, म्हणजे दोन्ही हात तुम्ही वाया घालवलेत. सिस्टर नोकरीत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुन्या होत्या. टोमणा त्या सल्ल्यासारखा मारत.

टेबलावर अडीच वर्षांची आरती होती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. डोळे खोल, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर आळसावल्यासारखी सावकाश खाली बसायची. ती ओरडत होती, पण डोळ्यांत एक थेंब नव्हता. आमच्या धंद्यात रडणाऱ्या पोरापेक्षा गप्प झालेल्या पोराची भीती जास्त, आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता.

तोंडाने मीठ-साखरेचं पाणी दिलं की दोन मिनिटांत बाहेर यायचं. सलाईन शिरेतूनच द्यायला हवं होतं. त्यासाठी कॅन्युला लागते. कॅन्युला म्हणजे सुईवर चढवलेली प्लॅस्टिकची बारीक नळी. सुई शिरेत गेली की सुई काढून घ्यायची, नळी आत राहते. सांगायला सोपं. पण असं सुकलेलं लेकरू आलं की त्याच्या शिरा त्या वर्षीच्या आमच्या विहिरींसारख्या असायच्या. कागदावर होत्या, हाताला लागत नव्हत्या.

दुष्काळाचं वर्ष होतं. केजचं आमचं पंचवीस खाटांचं हॉस्पिटल एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचं. मी एमडी होऊन नुकताच आलेला, तिथला एकुलता एक बालरोगतज्ज्ञ. म्हणजे माझ्या चुका दाखवायला सिस्टर सोडून कोणी नव्हतं. आल्या आल्या मी दोन सुधारणा केल्या. पहिली, सुई लावायच्या खोलीवर पाटी रंगवून घेतली: 'पालकांना आत येण्यास सक्त मनाई'. कारणं तीन. आया रडतात, बाप चक्कर येऊन पडतात, आणि कोणी बघत असलं की माझा हात थरथरतो. तिसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसरी सुधारणा फॉर्मची. एका कॉन्फरन्सला जाऊन आलो होतो. तिथे ऐकलं, की पालकांच्या अपेक्षा जाणून घ्याव्यात. मी लगेच चौदा प्रश्नांचा फॉर्म तयार केला. 'रुग्णालयातील वातावरणाबाबत आपण कितपत समाधानी आहात?' अशा मराठीत, जी मी स्वतः घरी कधी बोललो नाही. ट्रस्टचे अध्यक्ष खूश झाले. "डाक्टर, कारखान्याच्या अहवालात छापू हे," म्हणाले.

तर त्या सकाळी आरतीला घेऊन आई-बाप ट्रॅक्टरवरून उतरले. शिरूर कासारकडचं ऊसतोडीचं जोडपं, कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, उतरलेलं. आईचं नाव कालिंदा, बापाचं भागवत. लेकरू सिस्टरांच्या हाती देऊन मी आत निघालो, आणि जाता जाता, स्टाफला आदर्श घालून द्यावा म्हणून, भागवतपुढे फॉर्म धरला. "यावर अंगठा करा, बाकीचं नंतर भरून घेऊ." त्याने केला. मी दार लावून घेतलं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. हॉस्पिटलात अंगठा घेतात तो कागद भागवतला एकाच प्रकारचा माहीत होता. ऑपरेशनचा. 'काही झालं तर आमची जबाबदारी नाही' वाला. तो पायरीवर जाऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "आंगठा घेतलाय. आता काय खरं न्हाई."

आणि आतून पोरीच्या किंकाळ्या. एक, दोन, तीन.

दार धाडधाड वाजायला लागलं.

"सायब! दार उघडा! आंगठा कावून घेतला? काय करायलाव माझ्या लेकराला?"

"उघडू नका," मी सिस्टरांना म्हणालो.

"कडी तुटंल सर. मग नव्या कडीसाठी कारखान्याला अर्ज तुम्हीच करा." त्यांनी दार उघडलं.

कालिंदा आत आली. पदर कमरेला खोचलेला, हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे. पोरीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

"कुठं कापलं तिला?"

"कापलं नाही हो बाई. सलाईनची सुई लावायचीय. शीर सापडत नाहीये."

"मंग आंगठा?"

"तो... तो अपेक्षांचा फॉर्म आहे."

"कशाचा?"

एका हातात कापूस, कपाळावर घाम, समोर सुकत चाललेलं पोर, आणि मी समजावून सांगतोय, "म्हणजे, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय, ते लिहायचं."

"आन् ते दार लावून ईचारायलाव व्हय?" कालिंदा म्हणाली. "मला आत ऱ्हाऊ द्या, एवढंच हवंय. मी धरते तिला. तुमी दोघं दाबून धरायलाव, म्हून ती उसळायली."

"ठीक आहे, टेबलाच्या या बाजूला उभ्या—"

"टेबलावर न्हाई. खाली."

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. पाय लांब सोडले, साडी गुडघ्यांपर्यंत घेतली आणि आरतीला पायांवर उताणी निजवली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात तशी. अडीच वर्षांची पोर त्या मानाने मोठी. सिस्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आजून पायावरच घेते बाई. पाणी कमी लागतं. दोन तांब्यात व्हतं समदं." मग पोरीवर वाकली. "माझ्या बाईला आंघूळ घालायची का? लई दिस झाले, न्हाई?"

आरतीचं रडणं मधेच अडकलं. ती वाट बघायला लागली. पाण्याची.

तेव्हा कुठे मला पुस्तकातली एक ओळ आठवली. शीर दिसत नसेल तर तो भाग कोमट पाण्याने शेकावा, शिरा वर येतात. तीन शिरा फोडून झाल्यावर आठवली. सिस्टरांच्या चहाच्या किटलीत गरम पाणी होतं. ते गार पाण्यात मिसळून मी वाटी कालिंदाच्या हातात दिली. तिने आरतीच्या पावलावर धार धरली. पोरगी त्या धारेकडे टक लावून बघत होती. हात सैल पडले, पाय सैल पडला.

आता मला खाली बसणं भाग होतं. मी टेबलाच्या उंचीला सरावलेला, त्यात पँट नवी आणि फॅशनप्रमाणे तंग. ओल्या फरशीवर मांडी घातली, आणि मागे टर्रकन आवाज झाला.

"ते नंतर, सर," सिस्टर म्हणाल्या.

घोट्याच्या आतल्या बाजूला निळसर रेघ उमटली होती. स्पिरिटने पुसलं. सुई घातली. सुईच्या मागे इवलीशी पारदर्शक डबी असते, तिच्यात रक्त दिसलं की आपण शिरेत आहोत. रक्त दिसलं. आरती किंचाळली, "चावलं!"

"मुंगी व्हती गं. गेली, गेली," कालिंदा म्हणाली, आणि पाण्याची धार दुसऱ्या पायावर धरली. टोचलेला पाय जागचा हलला नाही. मी नळी सरकवली, सिस्टरांनी पट्टी मारली, सलाईन धावायला लागलं. आई बघत होती, आणि माझा हात थरथरला नव्हता.

एवढ्यात दारात धप्प आवाज झाला. भागवत बघायला आला होता, रक्त दिसलं आणि आडवा झाला. त्याच्या तोंडावर मारायला वाटीत पाणी उरलं होतं, म्हणून बरं.

दुपारी आरतीने आईच्या साडीवर शू केली. कालिंदा ओशाळली, "घान केली सायब." मी आनंदाने "वा!" असा ओरडलो, की शेजारच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं. पाणी मुरलं, किडन्या चालू झाल्या, याची पावती असते ती. हे समजावून सांगितल्यावर भागवत दिवसभर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "लेक मुतली आमची."

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना आरती खाटेवर उभी राहून बिस्किट खात होती. मी हट्टाने फॉर्म काढला. नाहीतरी अंगठा झालेलाच होता.

"रुग्णालयातील वातावरणाबाबत—"

"ते ऱ्हाऊ द्या," कालिंदा म्हणाली. "मी सांगते ते लिवा. मला पयल्याच टायमाला आत बोलावलं असतं, तर तीन टोचण्या वाचल्या असत्या लेकराच्या."

त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. अध्यक्षांना तेवढा एकच फॉर्म दिला. अहवालात तो छापला गेला नाही. पाटीवर मात्र मी त्याच आठवड्यात पांढरा रंग मारून घेतला.

तेव्हापासून सुई हातात घ्यायच्या आधी मी आईला विचारतो, की बाई, हे लेकरू कसं धरलं की शांत राहतं? एमडीच्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता. किंवा शिकवलाही असेल. मी बहुधा त्या वेळी पालकांना वॉर्डाबाहेर काढत होतो.