मोदकपात्राचा डाग

पांढऱ्या दंतमंजनाचा वास आला की मला बेहाला भागातलं भाड्याचं घर आठवतं. बाबांची कोलकात्याला नुकतीच बदली झाली होती. घरमालकिणीच्या पॉलिशच्या टेबलावर आईने गरम मोदकपात्र ठेवलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. मी दंतमंजन खोबरेलात कालवून मऊ फडक्याने हलकेच घासत बसले. डाग गेला, पण तेवढीच जागा अशी चमकली की बाकीचं टेबल मळकट दिसू लागलं. मग आईनेही पदर खोचला.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. टेबलात डोकावून त्यांनी कपाळावरची टिकली सरळ केली. "हमारा टेबल कहाँ गया?"

"यही है. मेरी बेटी ने चमकाया," आई म्हणाली.

तेव्हा मला डाग गेल्याचाच आनंद होता. त्या परक्या शहरात आई पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती, हे आता लक्षात येतं.