डायलिसिसला क्लास म्हणायचो तेव्हा

माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो ब्रेकच्या चाचण्या घेतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो दुपारी चारला कंपनीतून निघायचा, स्वतः गाडी चालवत डायलिसिस केंद्रात जायचा आणि आमची जेवणं आटोपल्यावर घरी यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर. केंद्रातली संध्याकाळची पाळी नोकरी करणाऱ्यांसाठीच ठेवलेली असते.

केंद्राचं बिल आम्ही कधी पाहिलं नाही. ते परस्पर क्रांकेनकासेकडे, म्हणजे आरोग्य विम्याकडे जातं. बिल दिसत नाही म्हणून खर्च होत नाही असं नाही. चीनमधल्या कारखान्याचं काम त्याला मिळणार होतं, ते दुसऱ्याला मिळालं. पदोन्नती थांबली. मी पूर्णवेळ नोकरी सोडून अर्धवेळ धरली. यातलं काहीच कुठल्या बिलात येत नाही.

आजार गुप्त ठेवायचा, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं. त्या वेळी पुण्यात त्याच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "घरात किडनीचं दुखणं आहे हे कळलं की लोक पत्रिकासुद्धा उघडायचे नाहीत." इंगोलश्टाटमधल्या मराठी मंडळात पुण्याची निम्मी माणसं आहेत, तेव्हा इथे बोललेलं तिथे पोचायला वेळ लागत नाही. म्हणून मंडळात सांगितलं की आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याचा जर्मनचा क्लास असतो.

बहिणीचं लग्न झालं. क्लास मात्र सुरूच राहिला.

एका गणेशोत्सवात धूप जास्त झाला आणि हॉलमधला धुराचा अलार्म वाजला. इमारतीचा रखवालदार तावातावाने आत आला. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याला पुढे ढकललं. "तुम्ही बोला हो, तीन वर्षं क्लास करताय!" तो दोन वाक्यं बोलला. रखवालदाराने त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "फी परत मागा!" सगळे हसले, तोही हसला.

कंपनीतही त्याने 'खासगी कारण' एवढंच सांगितलं होतं. आजारी माणसाला आधी काढतात, अशी त्याची समजूत होती. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत त्याने तसं घडताना पाहिलं होतं. तिथला नियम तो इथे घेऊन आला होता.

याचा परिणाम कँटीनमध्ये दिसायचा. एकदा शेजारी बसलेला सहकारी म्हणाला की विम्याचा हप्ता पुन्हा वाढला. "आणि आपले पैसे जातात कुठे? जे आयुष्यभर आजारी असतात त्यांच्यावर." माझा नवरा "गेनाऊ" म्हणाला, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि जेवत राहिला. घरी येऊन त्याने हे जसंच्या तसं सांगितलं. मग डॉक्टरांनी दिवसाला मोजून दिलेल्या पाण्यातला उरलेला अर्धा कप प्यायला आणि झोपला.

गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी करायचं जाहीर केलं. आधी स्वखुशीने जाणाऱ्यांना भरपाई, पुरेसे लोक गेले नाहीत तर नोटिसा. त्याला पहिल्याच फेरीत बोलावणं आलं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी त्याच्यापुढे करार ठेवला आणि कारणही सांगितलं. तो आठवड्यातून तीनदा चारच्या ठोक्याला निघतो, बाहेरगावच्या कामाला नाही म्हणतो, अडचणीच्या वेळी थांबत नाही. त्याची कामावरची निष्ठा कमी झाल्याचं दिसतं.

आजार लपवून नोकरी वाचवतोय, असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात लपवलेला आजार कंपनीच्या नजरेत कामचुकारपणा ठरला होता.

सासूबाई तेव्हा दिवाळीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घे ते पैसे आणि पुण्याला चल. आपली माणसं आहेत तिथे."

"आई, तिथे प्रत्येक वेळी डायलिसिसचे पैसे मला भरावे लागतील," तो म्हणाला. "ही सगळी भरपाई त्या मशीनमध्ये जाईल. पुढे काय?"

"मग इथेच राहा. इथे पेन्शन देतात ना आजाऱ्यांना?"

"देतात. पण मी पंचेचाळीसचा आहे. घरी बसून काय करू, पथ्य म्हणून डाळीतलं पाणी ओतून देत बसू?"

मी माहिती काढली होती. डायलिसिसवर असलेल्या माणसाला इथे गंभीर अपंगत्वाचं ओळखपत्र मिळतं. ते असेल तर सरकारी कार्यालयाच्या परवानगीशिवाय कंपनी नोटीस देऊ शकत नाही. ओळखपत्र हातात यायच्या आधी नोटीस आली तरी चालतं, पण अर्ज नोटिशीच्या काही आठवडे आधी गेलेला असावा लागतो. नोटिसा कधी निघतील ते कोणालाच माहीत नव्हतं. हे तीन वर्षांपूर्वीच करता आलं असतं. केलं नव्हतं, कारण त्या कार्डावर लिहिलेला शब्द.

"अपंग?" सासूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "माझ्या मुलाचे हातपाय धड आहेत."

"आई, कायद्याचा शब्द आहे तो," मी म्हणाले.

"कायदा तुझा. शब्द गावभर फिरणार तो माझ्या मुलाच्या नावाला चिकटून."

आमची मुलगी मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये बोलते. ती म्हणाली, फिरला तर फिरू दे, बाबा आजारी आहे हे खरंच आहे. आजीला जर्मन कळत नाही. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने शब्दशः भाषांतर केलं. सासूबाई झारा उचलून कढईकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज केला. त्याच दुपारी तो कंपनीतल्या अपंग कामगारांच्या प्रतिनिधीला भेटला. प्रतिनिधी म्हणाला, "अहो, तीन वर्षं कुठे होतात? कशावरही सही करू नका."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात त्याने विचारणाऱ्यांना सरळ सांगितलं. एक बाई सासूबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकू, काही झालं तरी तुम्ही नशीबवान. इथे सरकार सगळं फुकट करतं."

सासूबाईंनी बत्तीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली आहे. त्या म्हणाल्या, "सरकार नाही हो करत. त्याच्या पगारातून दर महिन्याला हप्ता जातो. तुमच्या यजमानांचाही जातो. आज त्यांच्या हप्त्यातून माझ्या मुलाचं रक्त साफ होतंय. उद्या तुमच्या घरी कोणाला काही झालं तर माझ्या मुलाचा हप्ता आहेच. फुकट काय त्यात?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचं होतं? घ्या, चकली घ्या."

घरी परतताना त्या गाडीत म्हणाल्या, "त्या कार्डावर फोटो लागतो का रे? चांगला काढ. पडलेल्या चेहऱ्याचा नको."

कंपनीत दुसरी बैठक अर्ज गेल्यानंतर महिन्याभराने झाली. मी तिथे नव्हते. त्याने सांगितलं ते असं. प्रतिनिधी त्याच्या शेजारी बसला होता. बाईंनी आधीपेक्षा मोठी रक्कम पुढे ठेवली. त्याने कराराला हात लावला नाही. शर्टाची बाही वर केली आणि दंडावरची सुया टोचायची जागा, जाड झालेली शीर, दाखवली.

"मी चारला यासाठी निघतो, डायलिसिसला," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो. तीन वर्षांत माझी एकही चाचणी राहिलेली नाही. नोंदी बघा."

बाई म्हणाल्या, "आम्हाला माहीत असतं तर आम्ही वेगळा विचार केला असता. तुमच्या तब्येतीच्या दृष्टीने घरी आराम करणं..."

"माझ्या तब्येतीचं डॉक्टर बघतात. मी नोकरी सोडत नाही."

"रक्कमही विचारात घेणार नाही?"

"नाही."

नोटिसा नाताळनंतर निघाल्या. त्याला आली नाही. त्याऐवजी त्याला चाचणी विभागातून काढून अहवाल नीट लावायच्या कामावर बसवायचा प्रस्ताव आला. पगार तोच, काम हलकं, सगळं त्याच्या भल्यासाठी. सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. फोनवर हे ऐकून त्यांनी विचारलं, "तुला हवंय का ते?"

"नाही."

"मग नाही म्हणून कळव. मराठीत पुटपुटू नकोस, जर्मनमध्ये सांग."

त्याने कळवलं आहे. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. तो ब्रेकच्याच विभागात जातो. आज बुधवार आहे. चारला निघताना तो विभागातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो की डायलिसिसला चाललो, उद्या सात वाजता भेटू.