पदराच्या दोन गाठी

"आंधी सांग, मागं मले काय म्हनली होतीस?"

पोट धरून कोणी समोर बसलं की जडीबुटी देणाऱ्या आमच्या शेजारच्या म्हातारीचा पहिला प्रश्न हाच. तिच्या पदराच्या एका टोकाला मुरडशेंगांची गाठ, दुसऱ्या टोकाला वाळलेल्या भुईनिमाची. भुईनीम म्हणजे कडूजहर. तुम्ही तिथे असता, तर माझ्यासारखं तिच्या बोटांकडेच पाहिलं असतं, कोणती गाठ सोडतात म्हणून.

दिघोरीत तिचं घर आमच्या घराला लागून. उन्हाळ्यात आम्ही बाया तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायचो. ऊन आणि शिळी शिदोरी, रोज कोणाच्या तरी पोटात मुरडा. ही दगडावर शेंग उगाळून चाटवायची.

एकदा शिळं मासोळीचं कालवण खाऊन एक बाई ओकली. हिने तिला शेंग दिली. बाया भोवती बसल्या, काम थांबलं. पत्त्याचे पुडे मोजून घेणारा मुनशी चिडला. सगळ्यांदेखत म्हणाला, "बुढीच्या जडीनंच बिघडली थे."

बायांनी ते खरं मानलं. तो अख्खा हंगाम माझ्याखेरीज कोणी तिच्याजवळ जेवायला बसलं नाही.

"मुनशीले काहून बोलत नाहीस वो?" मी तिला विचारलं.

"त्याचं पोट कवा दुखते, वाट पाहून राहिली."

पुढच्या उन्हाळ्यात दुखलं. पुडे मोजता मोजता मुनशी तिथेच दुमडला.

"बाई, दे ना काही."

"आंधी सांग, मागं काय म्हनला होतास?"

"चुकलो ना, बाई."

"मले कायले सांगून राहिला? ह्या बायाइले सांग."

कण्हत कण्हत त्याने बायांना सांगितलं, हिच्या जडीनं कोणाचं बिघडलं नव्हतं. मग तिने भुईनिमाची गाठ सोडली. "चाव. थुकू नोको." त्याचं तोंड पार आक्रसलं. बायांनी पदर तोंडाला लावले. त्याने गिळल्यावरच तिने शेंग उगाळली.

"शेंग आधीच द्यायची ना," मी परतताना म्हटलं.

"पोटानं माहं काय केलं होतं? जिभेनं केलं."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेरवीला मुनशी आला, पोटभर जेवला. पंगतीत बोलत होता, "मी तं पहिल्यापासून साऱ्याइले सांगो, जडी घ्या तं हिचीच घ्या." उठल्यावर पोटावरून हात फिरवत माझ्याकडे आला. "वहिनी, पोट दुखून राहिलं. तिच्या शेंगा असतीन ना?"

होत्या. तिच्या दोन्ही गाठी आता माझ्या पदराला आहेत.

"आंधी सांगा," मी म्हटलं, "मागं तिले काय म्हनले होते?"

तो माझ्या बोटांकडे पाहू लागला.